आतून उजळणारं जुनं टेबल: नागपूरच्या विजेवर, नागपूरच्या हवेत

टेबल घरी आलं की पहिलं काम म्हणजे त्याचा प्लग भिंतीतल्या सॉकेटात न घालणं. विकणाऱ्याने "चालू कंडिशन" म्हणून सांगितलं असेल आणि सोबत चपट्या पिनांचं कन्व्हर्टरही दिलं असेल, तरीही थांबा. अशा टेबलांचा बळी बहुतेक वेळा घरी आणल्याच्या संध्याकाळीच जातो.

१९४० ते १९६० च्या दशकांत अमेरिकेत आणि युरोपात ही टेबलं बनली. अक्रोड, महोगनी किंवा सागाची उथळ पेटी, खाली निमुळते पाय, वर दुधी काच किंवा ॲक्रिलिक आणि पेटीत ट्यूब नाहीतर बल्ब. दिवा लावला की वरचा पृष्ठभागच उजळतो आणि त्यावर ठेवलेल्या काचेच्या पेल्याची कड चमकते. संग्राहक या उजेडासाठी पैसे मोजतात. नागपुरात अशा टेबलापुढे दोन अडचणी असतात. इथली वीज त्याच्या जन्मगावच्या विजेहून वेगळी असते, आणि इथली हवा मे महिन्यात पापडासारखी कोरडी तर ऑगस्टमध्ये ओल्या फडक्यासारखी. दोन्हींवर इलाज आहे. एकच नियम शेवटपर्यंत पाळायचा: जे कराल ते पुढे कुणाला तरी जसंच्या तसं काढता आलं पाहिजे.

आधी वीज

अमेरिकी टेबल १२० व्होल्ट, ६० हर्ट्झसाठी (सेकंदाला ६० आवर्तनं) बनलेलं असतं. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. आत साधे बल्ब असतील तर ते क्षणभर लख्ख पेटून फुटतात. ट्यूब असेल तर चोक (ट्यूबचा प्रवाह आवरणारी गुंडाळी) गरम होतो, आतलं डांबर वितळतं आणि जळका वास येतो. कधीकधी धूरही दिसतो.

"मग स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावू" हा सल्ला हमखास मिळतो. साध्या बल्बांच्या टेबलासाठी तो बरोबर आहे. ट्यूबच्या टेबलासाठी अर्धाच बरोबर. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. ६० हर्ट्झचा चोक ५० हर्ट्झवर चालवला की त्याचा अडथळा सहाव्या हिश्शाने कमी होतो, प्रवाह वाढतो आणि चोक ठरल्यापेक्षा जास्त तापतो. ११० व्होल्टवर चालवला तरी चोकवर मूळ हिशेबापेक्षा साधारण १० टक्के जास्त ताण राहतो. डिसेंबरात हे खपून जाईल. खोलीतच ४० अंश असताना खपणार नाही.

युरोपातून आलेलं टेबल २२० व्होल्ट, ५० हर्ट्झचं असतं, त्यामुळे ते बहुधा चालतं. तिथे धोका वेगळा आहे. अर्थिंग नसतं आणि वायरवरचं रबर बिस्किटासारखं तुटतं.

वायरच्या रंगांवर विश्वास ठेवू नका. हा मुद्दा मिस्त्रीला समोर बसवून सांगा. आपल्याकडच्या जुन्या सवयीत लाल म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल, हिरवी म्हणजे अर्थ. अमेरिकेत काळी वायर फेज असते आणि पांढरी न्यूट्रल. जुन्या जर्मन वायरिंगमध्ये तर लाल वायर अर्थिंगची असायची. सवयीने लाल वायर फेजला जोडली, तर टेबलाच्या धातूच्या भागात थेट करंट उतरतो. प्रत्येक वायर मल्टिमीटर लावून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासा आणि तिथल्या तिथे चिकटपट्टीवर लिहून ठेवा.

टेबलाची वायर ताबडतोब बदलायचीच असेल, तर तीन तारांची ०.७५ चौरस मिमीची वायर आणि ६ अँपिअरचा तीन पिनांचा प्लग पुरतो. पेटीतला धातूचा तळ, ट्यूबची पट्टी, पाय धातूचे असतील तर पायसुद्धा, सगळं अर्थला जोडा. पहिल्यांदा लावताना थेट लाइनवर नको. १०० वॅटचा साधा बल्ब असलेल्या सिरीज बोर्डावरून लावा, म्हणजे टेबलाची वीज आधी त्या बल्बातून जाते. बोर्डावरचा बल्ब पूर्ण उजळला तर आत शॉर्ट आहे. मिस्त्रीकडे मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) असेल तर ५०० व्होल्टवर फेज आणि धातूचा भाग यांच्यातलं रीडिंग निदान १ मेगओहम यायला हवं. घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर तो आधी बसवून घ्या. ज्या टेबलावर पाण्याचे ग्लास ठेवले जातात, त्याच्याच पोटात वीज आहे.

नाव कुणाचं

जरा वळणदार लाकूड दिसलं की विकणारे त्याला "नोगुची" म्हणून टाकतात. इसामू नोगुची यांचा जन्म १९०४ चा, लॉस एंजेलिसचा. वडील जपानी कवी, आई अमेरिकी. पॅरिसमध्ये शिल्पकार ब्रांकुशी यांच्या हाताखाली काम केलेला हा शिल्पकार. हर्मन मिलर कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आणलेलं त्यांचं कॉफी टेबल सगळ्यांना ठाऊक आहे: एकाच आकाराचे दोन लाकडी तुकडे, एक उलटा एक सुलटा, मध्ये खुंटी आणि वर जाड काच. त्या टेबलात दिवा नाही. तेव्हा दिवा असलेलं टेबल दाखवून कुणी हेच नाव घेत असेल, तर कागद मागा. कागद नसेल तर "अनामिक, त्या काळचं" एवढीच किंमत द्या.

नाव चुकीचं असलं तरी नोगुचींकडून एक गोष्ट या कामासाठी घ्यावी अशी आहे. १९४० च्या दशकात त्यांनी ल्युनार नावाची शिल्पं केली. मॅग्नेसाइटच्या लाटांसारख्या पृष्ठभागाआड बल्ब दडवलेले असत आणि आकारच उजळल्यासारखा दिसे. पुढे १९५१ पासून जपानच्या गिफू शहरात, तुतीच्या सालीच्या कागदाचे अकारी दिवे त्यांनी सुरू केले. दोन्हींत बल्ब नजरेला येत नाही, उजेड वस्तूचाच वाटतो. आपल्या दुरुस्तीची परीक्षाही हीच. सोफ्यावर बसून पाहिलं की ठिपका, पट्टा किंवा काळी कड दिसता कामा नये.

काळ ठरवायला नावापेक्षा पेटीतल्या खुणा जास्त कामाच्या. फ्लोरोसंट ट्यूब बाजारात आली १९३८ साली, त्यामुळे मूळची ट्यूब असलेलं टेबल त्याआधीचं नाही. ट्यूबवर टी-१२ लिहिलेलं असेल तर ती दीड इंच जाडीची. आकडा इंचाच्या आठव्या भागांत मोजतात. चोकवर "नो पीसीबीज" (पीसीबी हे विषारी तेल नाही) असं छापलेलं असेल तर तो चोक १९७० च्या दशकाच्या अखेरीचा किंवा नंतरचा आहे, म्हणजे कुणीतरी बदललेला किंवा टेबलच नवं. तळाला एमडीएफ (लाकडाच्या भुश्याची दाबलेली फळी) दिसलं तर १९५० ची गोष्ट ऐकून घेऊ नका. स्क्रूभोवतीचं लाकूड काळवंडलेलं आणि स्क्रूची खाच झिजलेली असेल तर ते चांगलं लक्षण. एकाच टेबलात तीन जातींचे स्क्रू म्हणजे तीन वेळा उघडलंय.

उघडताना

टेबल उलटं करण्याआधी वरची काच किंवा ॲक्रिलिक काढा. ते सहसा खोबणीत नुसतं ठेवलेलं असतं. वर्षानुवर्षांच्या मळाने चिकटलं असेल तर पटाशी घालून उचकटू नका, व्हिनिअरची (वर चिकटवलेल्या पातळ लाकडी पापुद्र्याची) कड उडते. कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळलेला दोरा कडेने फिरवा, मळ सुटतो. नंतर सक्शनच्या हँडलने सरळ वर उचला.

प्रत्येक पायरीला फोटो काढा. स्क्रू काढले की ज्या भोकातले त्या क्रमाने पुठ्ठ्यात खोचा.

आता चोक. अमेरिकेत १९७९ पर्यंत बनलेल्या चोकच्या कपॅसिटरमध्ये पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल (पीसीबी) हे विषारी तेल असू शकतं. चोकच्या खाली तेलकट, चिकट ओघळ दिसला तर उघड्या हाताने शिवू नका. नायट्राइलचे हातमोजे घाला, खिडक्या उघडा, चोक दोन जाड प्लास्टिक पिशव्यांत बांधा आणि अधिकृत ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्या. भंगारवाल्याला मुळीच नको. तो तांब्यासाठी चोक फोडतो आणि जाळतो, आणि विष त्याच्या फुप्फुसात जातं. जुन्या ट्यूबमध्ये पारा असतो, तीही फोडायची नाही. चोक कोरडा आणि स्वच्छ असेल तर वायर तोडून जागेवरच राहू द्या. मूळ सुटा भाग जागेवर असलेलं टेबल पुढच्या माणसाला जास्त काही सांगतं.

नवा उजेड

मूळ ट्यूबचे होल्डर शाबूत असतील तर एलईडी पट्टीच्या मागे लागू नका. टी-१२ आणि टी-८ या दोन्हींच्या पिना सारख्याच असतात, म्हणून दोन फुटांची एलईडी ट्यूब जुन्या दोन फुटी होल्डरमध्ये बसते. चोक आणि स्टार्टर सर्किटमधून काढून टाकावे लागतात. ट्यूबला फेज-न्यूट्रल एकाच टोकाला द्यायचे की दोन्ही टोकांना, हे तिच्या वेष्टनावरच्या आकृतीत असतं. अमेरिकी होल्डरमध्ये एका टोकाच्या दोन्ही पिना आतून जोडलेल्या असू शकतात. तिथे एका टोकाला फेज-न्यूट्रल देणारी ट्यूब लावली तर सरळ शॉर्ट. मीटरने आधी पाहा.

एक बारकावा सहसा कुणी सांगत नाही. जुनी ट्यूब चहूबाजूंनी उजेड द्यायची, एलईडी ट्यूब फक्त एका अंगाने देते. तो अंग वर केला की टेबलावर पांढरा पट्टा उमटतो. ट्यूब फिरवून तो अंग तळाकडे करा. ट्यूब आणि तळ यांत तीनेक सेंटिमीटर जागा आणि तळ पांढरा असला, की उजेड आपटून वर येतो आणि सगळीकडे सारखा पसरतो.

होल्डरच गेले असतील तर एलईडी पट्टी. १२०० बाय ४५० मिमीच्या टेबलाचा हिशेब असा. पेटी आतून साधारण ११४० बाय ३९० मिमी, खोली १०० मिमी. २ मिमी ॲल्युमिनियमचा पत्रा तळाच्या मापाचा कापून घ्या, वरून मॅट पांढरा रंग द्या. चकचकीत पांढरा किंवा चंदेरी फॉइल नको, त्यात दिव्यांची प्रतिबिंबं दिसतात. पत्रा १० मिमीच्या ठोकळ्यांवर ठेवा आणि जुन्या ट्यूबच्या पट्टीच्या भोकांमध्येच कसा. नवं भोक एकही नको. पेटीच्या बाजूंनाही रंग द्यायचा नाही, पांढऱ्या पत्र्याच्या सुट्या पट्ट्या उभ्या करा. लाकडावर मारलेला रंग परत निघत नाही.

पत्र्यावर पट्टीच्या सहा ओळी, प्रत्येकी ११०० मिमी, दोन ओळींत ६५ मिमी अंतर, कडेच्या ओळी भिंतीपासून त्याच्या निम्म्यावर. नियम सोपा आहे: दोन ओळींत जेवढं अंतर, निदान तेवढंच अंतर पट्टी आणि दुधी पृष्ठभाग यांत हवं, सव्वापट असलं तर उत्तम. इथे ते सुमारे ८५ मिमी मिळतं. पेटी उथळ असेल तर ओळी जवळ घ्या आणि कमी वॅटची पट्टी वापरा. नाहीतर ठिपके दिसणार, मग कितीही जाड ॲक्रिलिक घाला.

एकूण ६.६ मीटर. २४ व्होल्टची, मीटरला ४.८ वॅटची पट्टी घेतली तर जवळपास ३२ वॅट, म्हणजे १.३ अँपिअर. दुकानात मीटरला ९.६ किंवा १४.४ वॅटची पट्टी पुढे करतील. घेऊ नका. बैठकीच्या खोलीत ती डोळ्यांना टोचते आणि पेटी तापते. रंग २७०० ते ३००० केल्विन, म्हणजे पिवळसर, आणि सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा) ९० च्या वर. ६५०० केल्विनचा निळसर उजेड सागाला राखेसारखा करून टाकतो. सहाही ओळींना वीज समांतर द्या. एकाच टोकाने ओळीमागून ओळ जोडत गेलात तर शेवटची ओळ मंद दिसते.

ड्रायव्हर, म्हणजे २३० व्होल्टचे २४ करून पट्टीला देणारा डबा, ४० वॅटचा पुरेल असं गणित सांगतं, तरी ६० वॅटचा घ्या आणि पेटीच्या बाहेर, टेबलाच्या खालच्या बाजूला टांगा. पुष्कळ ड्रायव्हर ४५ ते ५० अंश सभोवतालच्या तापमानापर्यंतच पूर्ण भार उचलतात. नागपूरच्या मे महिन्यात बंद पेटीत हा आकडा दुपारीच ओलांडला जातो. ड्रायव्हरच्या अंगावर टीसी असं लिहून एक ठिपका असतो आणि शेजारी कमाल तापमान. चार तास सलग दिवा लावून त्या ठिपक्यावर थर्मामीटर टेकवा. छापलेल्या आकड्याच्या १० अंश खाली असेल तर ठीक. मंद करायचं असेल तर ड्रायव्हर आणि डिमर एकमेकांना चालणारे हवेत. पंख्याचा रेग्युलेटर जोडला की दिवा थरथरतो आणि गुणगुणतो.

बल्बांचं टेबल असेल तर काम सोपं. अमेरिकी होल्डरला आपल्यासारख्या दोन खाचा नसतात, आटे असतात. आतला पुठ्ठ्याचा पापुद्रा भुगा झालेला असतो, म्हणून होल्डर बदलून ई-२७ आट्यांचे चिनी मातीचे बसवा, त्यात ३ ते ४ वॅटचे दुधी एलईडी बल्ब.

वरचा पृष्ठभाग

मूळ दुधी काच असेल तर तिला जपा. पाण्यात दोन थेंब भांड्यांचा साबण, मऊ कापड, बस. ॲक्रिलिक असेल तर स्पिरिट, थिनर आणि काच पुसायचा अमोनियाचा फवारा वर्ज्य. त्याने कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात आणि खालून उजेड आला की प्रत्येक चीर दिसते.

नवीन घालायचं असल्यास ३ मिमी दुधी ॲक्रिलिक एकटं टाकू नका, ३९० मिमीच्या गाळ्यात ते वाकतं. खाली ३ मिमी दुधी ॲक्रिलिक आणि वर ८ मिमीची टफन्ड काच. टफन्ड काच भट्टीतून आल्यावर कापता किंवा घासून कमी करता येत नाही, म्हणून माप आधीच पुठ्ठ्याचा साचा कापून द्या. जुन्या टेबलांचे कोपरे क्वचितच काटकोनात असतात.

ॲक्रिलिक उष्णतेने वाढतं, ही गोष्ट नागपुरात विसरून चालत नाही. १२०० मिमीची शीट जानेवारीतल्या १० अंशांपासून मे महिन्यातल्या ४५ अंशांपर्यंत साधारण ३ मिमी लांब होते. थंडीत घट्ट बसवलेली शीट उन्हाळ्यात फुगून वर येते किंवा लाकडाची कड फोडते. लांबीत ४ मिमी मोकळी सोडा, रुंदीत २.

तर्रीपोह्याची बशी या टेबलावर उलटली तर तेल लगेच पुसा, मग साबणपाणी. हळदीचा पिवळा डाग ॲक्रिलिकवर राहिलाच, तर घासू नका. शीट काढून दोन दिवस उन्हात ठेवा. हळदीचा रंग उन्हाने उडतो.

लाकूड आणि कूलर

विदर्भातल्या माणसाला सागाबद्दल वेगळं सांगायला नको. बल्लारशा-आलापल्लीचा साग, जुन्या व्यापाऱ्यांच्या तोंडी "सीपी टीक" (सेंट्रल प्रॉव्हिन्सेसचा साग), याच मातीतला. पण या टेबलांचं लाकूड सहसा भरीव नसतं. प्लाय किंवा हलक्या लाकडावर मिलिमीटरहून पातळ व्हिनिअर असतं. त्यावर सँडिंग मशीन फिरवायला परवानगी देऊ नका. पॉलिशवाला दहा सेकंदांत आरपार जातो आणि खालचा प्लाय दिसू लागतो. तो डाग मग कायमचा.

आधी पॉलिश कोणतं ते ओळखा. आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर कापसाने थोडं स्पिरिट लावा. चिकट झालं तर चपड्याचं पॉलिश. नाही झालं तर दुसऱ्या जागी थिनर. चिकट झालं तर लॅकर, त्या काळच्या अमेरिकी टेबलांवर बहुधा हेच. चपडा असेल तर डागडुजी चपड्यानेच करा. सगळ्यावर मेलामाइन किंवा पीयूचं आजकालचं पॉलिश फवारलं तर चकचकीत दिसेल, पण मूळ पृष्ठभाग गेला आणि किंमतही.

व्हिनिअर फुगलं असेल तर फुग्यावर रेषेच्या दिशेने ब्लेडने बारीक चीर द्या, इंजेक्शनच्या सिरिंजने पातळ सरस आत सोडा, वर बटर पेपर, सपाट फळी आणि २४ तास वजन. सरस यासाठी की पुढे ऊब आणि ओलावा देऊन तो सुटतो. हे काम ऑक्टोबर-नोव्हेंबरात किंवा फेब्रुवारीत करा. जुलैत फुगलेलं लाकूड चिकटवलं तर मे महिन्यात आकसून पुन्हा उकलतं. भरीव सागाची ४५० मिमी रुंद फळी वर्षभरात ४-५ मिमी हलू शकते. कडेची पट्टी बदलायची झाली तर लकडगंजातून जुना, मुरलेला साग पारखून घ्या, आणि कापण्याआधी महिनाभर त्याच खोलीत पडू द्या जिथे टेबल राहणार आहे.

कूलरच्या झोतात टेबल ठेवू नका. दिवसभर ओली हवा, कूलर बंद झाला की कोरडी, असा रोजचा मार लाकडाला पावसाळ्यापेक्षा वाईट. झोतापासून निदान दीड-दोन मीटर बाजूला, पश्चिमेच्या खिडकीपासूनही दूर.

पहिला पाऊस पडला की उजेडावर पाखरं येतात. पेटीच्या फटीतून ती आत जातात, मरतात, आणि दुधी पृष्ठभागावर खालून काळे ठिपके दिसतात. फटी बुजवू नका, हवा खेळली पाहिजे. स्टीलची बारीक जाळी कापून आतून, खिळा न मारता, पत्र्याच्या कडेखाली दाबून बसवा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा प्लग काढून वरची शीट उचला, मऊ ब्रशने झाडा, आणि उंदराने वायर कुरतडलेली किंवा पालीने ओलसर केलेली नाही ना ते पाहा.

काम संपलं की एक जाड पाकीट घ्या. त्यात आधीचे फोटो, वायरिंगची आकृती, पट्टीचे वॅट आणि केल्विन, ड्रायव्हरचा मॉडेल नंबर, काढलेले जुने स्क्रू आणि होल्डर, तारीख, आणि चोकची वायर कुठे तोडली आहे ते लिहून ठेवा. पाकीट टेबलाच्या खालच्या बाजूला, ड्रायव्हरपासून लांब, सुती नाडीने बांधा. चिकटपट्टी लावू नका, ती पॉलिश घेऊनच निघते.